थोरली समोरच्या दाराने आली

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. जुनी म्हणाले, मोडकी नव्हे. या दोन शब्दांतला फरक ज्याला कळत नसेल त्याने आधी पाठ सरळ करून बसावे आणि मग पुढचे ऐकावे. वाकून ऐकलेली गोष्ट अंगी लागत नाही, असे माझे मत आहे, आणि माझी मते मी सहसा बदलत नाही.

माझ्यापुढे घोडा कधी जुंपला गेला नाही आणि माझ्या पोटात इंजिनही नाही. मी इस्पितळाच्या धुलाईघरातली, हाताने ढकलायची कपड्यांची गाडी. सागवानी अंग, चार लोखंडी चाके, चाकांवर रबराच्या धावा आणि वर बिजागरीचे जड झाकण. ज्या सुताराने मला घडवले तो मोठा तापट माणूस होता. लोहाराने चाके आणून दिली, तेव्हा त्याने ती सपाट फरशीवर फिरवून पाहिली आणि एक चाक केसभर डगमगते म्हणून चारही परत केली.

लोहार वैतागला. "अरे, मळके कपडेच न्यायचेत ना यातून? राणीची स्वारी तर नाही?"

"आजाऱ्यांचे कपडे आहेत," सुतार म्हणाला. "राणी परवडली. गप घेऊन जा."

अशा हातांखालून मी गेले आहे. म्हणून आजकाल त्या रंगीत प्लॅस्टिकच्या पोरी दोन वर्षांत कुशीला तडकतात, तेव्हा मला त्यांची कीव येते; पण मी काही बोलत नाही. बोलून कोणी घट्ट होत नसते.

आम्ही तिघी होतो. मी थोरली, मग मधली आणि धाकटी. ही नावे आम्हाला धुलाईघरातल्या बायांनीच दिली. मधली सदा कुरकुरायची. धाकटी अवखळ होती. उतार दिसला की पळत सुटायची. वजनदार कामे अर्थातच माझ्याकडे येत. सकाळी स्वच्छ कपडे भरून मी वर वॉर्डांत जाई. चादरी तळाशी, त्यांवर उशांचे अभ्रे, सर्वांत वर डॉक्टरांचे पांढरे कोट. दुपारी मला रिकामी करून मळके कपडे भरत आणि झाकण लावून खाली आणत. संध्याकाळी उकळत्या पाण्याचे दोन हंडे माझ्या पोटात ओतून मला घासून काढत, आणि मी पालथी पडून वाळत असे. आजाऱ्याच्या अंगाखाली रोज स्वच्छ चादर असणे ही लहान गोष्ट नाही, मित्रांनो. औषध देणाऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. चादर कोणी धुतली हे कोणी विचारत नाही.

विचारू नये अशीच तिथली व्यवस्था होती. इस्पितळ टेकडीच्या अंगावर बांधलेले होते. समोरून रुंद, दगडी, संथ चढण थेट मुख्य दारापर्यंत जाई. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण, त्यांचे आप्त, सर्वांची ती वाट. धुलाईघर मागे, खोलगट जागेत. तिथून वर जायला भिंत आणि गटार यांच्या मधून सत्तेचाळीस पायऱ्या होत्या, अरुंद, उभ्या आणि बारा महिने ओल्या. दोन बायांनी वरून दोर ओढायचा, दोघींनी खालून खांदा लावायचा आणि मला एकेक पायरी चढवायची. समोरची चढण का नाही? तर मळके कपडे लोकांच्या नजरेस पडू नयेत. आणि कपडे धुणाऱ्यांनीही पडू नये. हे दुसरे वाक्य नियमात लिहिलेले नव्हते, पण पाळले तेच जास्त जात होते.

धुलाईघराच्या प्रमुख होत्या मावशी. दहा जणींत त्या वयाने मोठ्या, आणि त्यांची सख्खी भाची सोडली तर नात्याने कोणाच्याच मावशी नव्हत्या. तरी सगळ्या त्यांना मावशीच म्हणत. उंचीने बुटक्या, आवाजाने हळू. ती सख्खी भाची म्हणजे ठिणगी. हे तिचे खरे नाव नव्हते, पण तिला दोन वाक्ये बोलताना जो ऐके त्याला खरे नाव विचारायची गरज पडत नसे. ठिणगीची आई, म्हणजे मावशींची पाठची बहीण, हीसुद्धा आमच्यातच कामाला होती.

आता जे सांगणार आहे ते सांगताना माझा आवाज जरा खाली येईल. एका सकाळी एकतिसाव्या पायरीवर वरच्या दोघींपैकी एकीचा पाय शेवाळावरून सरकला. दोर सुटला. खालून खांदा लावून ठिणगीची आई उभी होती. तिने मला सोडले असते तर ती बाजूला होऊ शकली असती. पण माझ्या पोटात बाळंतिणींच्या वॉर्डाच्या चादरी होत्या आणि खाली गटार होते. तिने मला सोडले नाही. मी तिच्या पायावरून जाऊन तिथेच अडले. ते चाक माझे होते, मित्रांनो. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. चादरींना मात्र डाग लागला नाही.

ती त्याच इस्पितळात तीन महिने पडून होती, आणि तिच्या अंगाखालची चादर रोज मीच नेत होते. डॉक्टरांनी सांगितले, पाय वाचला, पण ओझे उचलण्याचे दिवस संपले.

ठिणगी त्या दिवशी कपडे बडवायचे धोपटणे आपटत म्हणाली, "बंद करू या काम. सडू देत चादरी. दोन दिवसांत वास सुटला की येतील पाय धरायला."

"सडलेल्या चादरीवर कोण झोपणार? नियम करणारे?" मावशींनी विचारले.

ठिणगीने धोपटणे खाली ठेवले.

"झोपणार ताप आलेली माणसं. त्यांनी तुझ्या आईला ढकललं नाही. काम एक दिवस थांबणार नाही. पण पायऱ्यांवर आणखी एक बाई पडलेली मी बघणार नाही. समोरची चढण आपल्याला मिळाली पाहिजे. रोज मागायची."

"आणि रोज नाही म्हणाले तर?"

"तर रोज मागायची."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाया एक तास आधी कामाला येऊ लागल्या. सातच्या ठोक्याला उरलेल्या नऊ जणी आम्हा तिघींना घेऊन टेकडीला वळसा घालत समोरच्या चढणीवर येत. दारात दरवान उभा असे. त्याला सगळे अडसर म्हणत, कारण तो दारात उभा राहिला की दार वेगळे लावावे लागत नसे.

"कुठे निघालात?" त्याने पहिल्या दिवशी विचारले.

"वॉर्डात. कपडे द्यायला."

"मागून."

"मागे माणसं पडतात."

"मला हुकूम आहे बाई."

"तुमचा हुकूम तुम्ही पाळा," मावशी म्हणाल्या. "आम्ही सव्वासातपर्यंत इथे थांबतो. मग मागून जातो. उद्या परत विचारू."

"उद्याही नाही म्हणालो तर?"

"परवा आहेच की."

सव्वासात वाजले की आम्ही वळत असू, आणि त्याच सत्तेचाळीस पायऱ्यांनी वर जात असू. एकाही वॉर्डात एकही चादर उशिरा पोचली नाही. हे मी छाती काढून सांगते, कारण यातच सगळे बळ होते. आरडाओरडा केला असता तर लोकांनी कान झाकून घेतले असते. काम वेळेवर करून रोज पंधरा मिनिटे दारात शांत उभी राहणारी माणसे मात्र झाकता येत नाहीत.

पहिल्या आठवड्यात अडसर चिडला. एका सकाळी त्याने रागाच्या भरात मला लाथ घातली. मी सागवानी आहे, हे मघाशी सांगितलेच. तो एका पायावर नाचायला लागला आणि मग मटकन उंबऱ्यावर बसला. मावशींनी त्याच्यासमोर गुडघे टेकले, त्याचा बूट काढला, सुजलेल्या अंगठ्याला गार पाण्याची पट्टी बांधली.

ठिणगी मागून पुटपुटली, "दुसऱ्या पायानेही मारा म्हणावं. जोडी होईल."

"ऐकू आलं हं मला," अडसर कण्हत म्हणाला.

"ऐकू यावं म्हणूनच म्हणाले, काका."

"ठिणगे," मावशी म्हणाल्या, "पट्टीचं दुसरं टोक धर." आणि ठिणगीने तोंड वाकडे करून का होईना, टोक धरले.

सकाळी सातला इस्पितळात स्ट्रेचर ढकलणारी माणसे आलेली नसत. रुग्ण मात्र येत. कोणी पाठुंगळीवर, कोणी खुर्चीत, कोणी दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत. दारात उभ्या नऊ धडधाकट बायांना ते बघवत नसे. त्या धावत, रुग्णाला उचलत, चढणीवरून दारापर्यंत आणत. आणि दाराच्या उंबऱ्याशी थांबत.

एकदा एका मुलाने आपल्या वृद्ध वडिलांना पाठीवर आणले. मुलगाच निम्म्यावर बसला. मावशींनी आणि ठिणगीने म्हाताऱ्याला दोन बाजूंनी धरून वर आणले आणि उंबऱ्याच्या अलीकडे उभे केले.

"अहो, आत न्या ना!" मुलगा खालून ओरडला.

"आम्हाला आत जाता येत नाही, दादा," मावशी म्हणाल्या. "इथून पुढे अडसरकाका."

तो मुलगा बघतच राहिला. रांगेतले लोकही बघत राहिले. अडसराने म्हाताऱ्याला हात दिला, आत नेले आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्यानंतर तो आम्हाला "नाही" म्हणताना आमच्याकडे बघत नसे. जमिनीकडे बघून म्हणायचा.

असे चार महिने गेले. रुग्णांचे आप्त व्यवस्थापकांना प्रश्न विचारू लागले. परिचारिका जेवणाच्या वेळी त्याच विषयावर बोलू लागल्या. शेवटी व्यवस्थापकांनी मावशींना बोलावणे धाडले. नाकावर चष्मा, चष्म्यावर भुवया, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी टेबलावर बोट आपटायची सवय, असे ते गृहस्थ होते.

"संसर्गाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "मळके कपडे मुख्य दारातून न्यायचे म्हणता. झाकण बंद राहील याची हमी कोण देणार?"

"आम्ही," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही! कोणी बघत नसताना तुम्ही काय करता, हे कोणाला ठाऊक?" बोट आपटले. "तरी लोक विचारतात म्हणून सोमवारी बैठक ठेवतो. मोठे डॉक्टर असतील. त्या गाडीचं झाकणही घेऊन या, बघू दे सगळ्यांना."

झाकण म्हणजे मी. बैठकीला मला निमंत्रण होते! मधलीला चार दिवस झोप आली नाही. पण आमचा विजय असा हाताशी आला असतानाच आमच्याच घरात घोटाळा झाला, आणि तो नीट समजून घ्या, कारण माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट त्यातूनच घडली.

बैठकीच्या आदल्या गुरुवारी वॉर्डातून धुवायला आलेले कोट मावशी निवडत होत्या. एका कोटाची गळपट्टी त्यांनी बोटांत धरली आणि तशाच थांबल्या. दुसरा कोट घेतला. तिसरा. गळपट्टीला आतून बारीक रक्ताचे डाग होते. धुणाऱ्या बाईला कपडा सगळे सांगतो. कोण घाबरून घामाघूम झाला, कोणी चोरून मिठाई खाल्ली आणि कोणाची मान सोलली गेली. पट्टी लाकडी फळीसारखी कडक होती, कड सुरीसारखी.

"खळ कोणी घातली ही?"

सगळ्या आपापल्या हंड्यावर वाकल्या. मग कोणीतरी फिस्सकन हसले. मग सगळ्याच हसल्या. ठिणगी हनुवटी वर करून पुढे आली.

"मी. चौपट घातली. आणि वरून दोनदा इस्त्री फिरवली. गेल्या शनिवारपासून. बघितलंस का मावशी, मोठे डॉक्टर कसे चालतात ते? मान वळवायची तर अख्खे वळतात, तोफेसारखे!"

बाया पोट धरून हसत होत्या. खरे सांगते, माझ्याही बिजागऱ्या हलल्या. मावशींनी सर्वांचे हसणे संपेपर्यंत वाट पाहिली.

"झालं? आता सांग. ती मान कोणाची?"

"त्यांची."

"आणि मोडलेला पाय कोणाचा होता?"

"माझ्या आईचा!" ठिणगीचा आवाज फाटला. "म्हणूनच तर केलं. तिचं हाड मोडलं तर कोणी हूं की चूं केलं नाही. यांची जरा कातडी सोलली तर काय बिघडलं?"

"दुखणं काय असतं ते तुला घरात बघायला मिळालं," मावशी म्हणाल्या. "ज्याला ते ठाऊक नाही त्याने दिलं तर एक वेळ समजू शकते. तू जाणून दिलंस. मान सुरीने कापली काय आणि खळीने सोलली काय, हात उगारलाच की गं तू. फक्त लांबून."

एक वयस्क बाई म्हणाली, "जाऊ द्या ना मावशी, पुन्हा नाही करायची ती. कोणाला कळलंय कुठे?"

खरोखरच कोणाला कळले नव्हते. उलट वर भलतेच रामायण चालले होते. ते आम्हाला परिचारिकांकडून समजले. सात डॉक्टरांच्या मानेवर एकाच आठवड्यात एकसारखे चट्टे उठले होते. हा कुठला तरी नवा संसर्ग आहे असे ठरले होते. तीन प्रकारची मलमे झाली होती. सातही जण एकमेकांपासून चार हात लांब बसून जेवत होते, आणि उद्यापासून दोन दिवस बाहेरून येणाऱ्या रुग्णांना तपासणे बंद ठेवायचे असा विचार चालला होता.

हे ऐकल्यावर मात्र कोणी हसले नाही.

मावशींनी कोट मोजले. अकरा होते. "अकरा कोट, अकरा दिवस," त्या म्हणाल्या. "अकरा दिवस आपण समोरच्या दारात उभं राहायचं नाही. तो हक्क आपण आज घालवला. आणि आत्ता वर जाऊन मी सांगणार."

असा गदारोळ मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही. ठिणगी मावशींच्या वाटेत आडवी झाली. "बैठक सोमवारी आहे! चार महिने उभे राहिलो आपण, पायांत गोळे येईपर्यंत. तू आज सांगितलंस की संपलं सगळं. आई कुबडीवर चालते, तिच्या डोळ्यांत बघून काय सांगणार तू? चार दिवस फक्त. चार दिवस गप्प बस, दार उघडेल!"

"उघडेल," मावशी म्हणाल्या. "आणि उद्या ज्या रुग्णाला तपासायला कोणी नसेल, त्याचं दार?"

ठिणगी वाटेतून बाजूला झाली. मग तिने बाह्या सारल्या, अकराही कोट हंड्यात टाकले आणि खळीचा अंशही उरला नाही तोपर्यंत धुतले. त्यांतला एक निखाऱ्यांवर धरून वाळवला, घडी करून माझ्या पोटात ठेवला आणि म्हणाली, "तू एकटी नाही जायचं. घातली मी, सांगणार मी."

पायऱ्या चढून आम्ही मोठ्या डॉक्टरांच्या खोलीशी पोचलो. मी दारातच थांबले. उंबऱ्यावरून सगळे दिसत होते. डॉक्टरांच्या मानेला पांढरी पट्टी होती आणि खोलीभर मलमाचा वास.

"कपडे तिकडे ठेवा," ते पाठमोरेच म्हणाले.

"ठेवतो. पण आधी तुमच्या मानेबद्दल बोलायचंय," मावशी म्हणाल्या.

डॉक्टर अख्खे वळले. "मानेबद्दल? लांब उभ्या राहा बाई. नवीनच काहीतरी आहे. उद्या रक्त तपासायला पाठवतोय."

"रक्त नका तपासू, डॉक्टरसाहेब," ठिणगी म्हणाली. "कोट तपासा."

मग तिने सगळे सांगितले. आईचा पाय, चौपट खळ, दोनदा इस्त्री. काही लपवले नाही आणि रडलीही नाही. डॉक्टरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"सात डॉक्टर!" ते ओरडले. "आठवडाभर आम्ही पुस्तकं उलटी पालटी करतोय! उद्यापासून दवाखाना बंद ठेवणार होतो!"

"म्हणून आज आलो," मावशी म्हणाल्या. "शिक्षा द्यायची ती द्या. चूक आमच्या घरातली आहे."

डॉक्टर येरझाऱ्या घालू लागले. अचानक थांबले. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं असतं?"

"नाही."

"आणि सोमवारी तुमचीच बैठक आहे. हे ठाऊक असून सांगायला आलात?"

"ठाऊक असून."

ठिणगीने माझ्या पोटातला कोट काढून पुढे धरला. डॉक्टरांनी तो घेतला, संशयाने पट्टी चाचपली. "यात खळ?"

"थेंबभर नाही. झोपून उठल्यासारखे दिसाल, पण टोचणार नाही."

त्यांनी तो अंगात घातला. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. आणि मला जे मुळीच अपेक्षित नव्हते ते झाले, ते म्हणाले, "त्या पायऱ्या कुठे आहेत? दाखवा मला."

मला खाली नेताना मोठे डॉक्टर स्वतः वरच्या दोरावर होते. एकतिसाव्या पायरीवर ठिणगी थांबली आणि म्हणाली, "इथे." डॉक्टरांनी खाली गटाराकडे पाहिले, आपल्या हातांवर उठलेला दोराचा वळ पाहिला. मग दोर पुन्हा घट्ट धरला.

सोमवारी बैठकीच्या मधोमध मला उभे केले. व्यवस्थापकांनी झाकण तीनदा उघडून लावले आणि मग खळीचा विषय काढला. त्यांना तो कळला होता. कळणारच होता, मावशींनी कोणालाच सांगायचे ठेवले नव्हते.

"पाहिलंत?" बोट आपटले. "हेच मी म्हणत होतो. यांच्यावर विश्वास ठेवायचा?"

"हो," मोठे डॉक्टर म्हणाले. "यांच्यावरच. तुम्ही विचारलं होतं, कोणी बघत नसताना या बाया काय करतात. आता आपल्याला ठाऊक आहे. चूक करतात, तशी मीही करतो. पण कोणी बघत नसताना, कोणी विचारणार नसताना, स्वतःचं नुकसान होणार हे समोर दिसत असताना, या वर येऊन खरं सांगतात. मी आजवर इतक्या माणसांबरोबर काम केलं, मला अशी दुसरी नावं आठवत नाहीत. माझं धरून. या म्हणाल्या झाकण बंद आहे, तर मी उघडून बघणार नाही."

त्यांनी स्वतःचा हात वर केला. मग एका परिचारिकेने हात वर केला. मग दुसऱ्या डॉक्टरांनी, ज्यांच्या मानेवर अजून पट्टी होती. मग सगळ्यांनी. शेवटी व्यवस्थापकांनी आपले बोट वर उचलले, आपटायला म्हणून, आणि ते तसेच वर राहिले. ते मतातच धरले गेले.

"उघडं आहे दार," डॉक्टर मावशींना म्हणाले. "आत्ता, या क्षणापासून. न्या गाडी समोरून."

मावशींनी मान लववली आणि म्हणाल्या, "आज नाही."

"काय?" व्यवस्थापक उभेच राहिले.

"अकरा दिवस ठरलेत आमचे. चार झाले. सात बाकी आहेत."

मित्रांनो, दार सताड उघडे होते आणि नऊ बाया माझा दोर खांद्यावर घेऊन मागच्या पायऱ्या चढत होत्या. त्या सात दिवसांत त्या पायऱ्यांवर जेवढी गर्दी झाली तेवढी कधी झाली नव्हती. पहिल्या दिवशी मोठे डॉक्टर आले. दुसऱ्या दिवशी चार परिचारिका आणि स्वयंपाकी. तिसऱ्या दिवशी अडसर आला. तो खालच्या बाजूला, ठिणगीच्या आईच्या जागी, खांदा लावून उभा राहिला. पाचव्या दिवशी व्यवस्थापक पायऱ्या बघायला म्हणून आले, विसाव्या पायरीवर धापा टाकत बसले आणि ठिणगीने त्यांना पाणी दिले. आमच्या चार महिन्यांच्या विचारण्याने जे समजले नव्हते ते त्यांना वीस पायऱ्यांत समजले.

बाराव्या दिवशी सकाळी सातचे ठोके पडले. समोरच्या चढणीच्या दोन्ही कडांना माणसे उभी होती. परिचारिका, झाडूवाले, स्वयंपाकी, ज्यांना चालता येत होते ते रुग्ण, वरच्या खिडक्यांतून ज्यांना येत नव्हते ते. ठिणगीची आई कुबडी टेकत आली होती. सगळ्यांना वाटले ती रडेल. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि लेकीला म्हणाली, "झाकणाची कडी नीट लावलीस का गं? सगळ्यांच्या समोर अब्रू काढशील." आणि मग माझ्या दांडीवर हात ठेवून माझ्याबरोबर चालू लागली.

माझी चाके त्या दगडांवर पहिल्यांदा सरळ धावली. दोर नव्हता, खांदा नव्हता, धक्का नव्हता; नुसता हात पुरे होता. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळी टेकडी टाळ्यांनी भरून गेली. धाकटीला आवरणे कठीण झाले. मधली त्या दिवशी प्रथमच कुरकुरली नाही. उंबऱ्यावर मावशी क्षणभरही थांबल्या नाहीत. आयुष्यभर त्याच दाराने येत असाव्यात तशा त्या आत गेल्या. कोणाची मान मोडली नाही, कोणाची खुर्ची हिसकावली नाही, एकही चादर उशिरा गेली नाही, आणि दार उघडले होते.

पुढच्याच महिन्यात झाडूवाले समोरून येऊ लागले. मग स्वयंपाकघरातली माणसे, मग मृतांना नेणारे दोघे भाऊ, ज्यांच्याकडे तोवर कोणी मान वर करून पाहिले नव्हते. मागच्या पायऱ्या बुजवून टाकल्या. ठिणगी पुढे धुलाईघराची प्रमुख झाली, आणि नव्या मुलींना पहिल्या दिवशी खळीचे प्रमाण शिकवायला ती कधी विसरली नाही.

मी आता काम करत नाही. मुख्य दाराच्या आत, भिंतीशी उभी असते. माझ्यावर येता-जाता छत्र्या ठेवतात, मुले झाकणावर चढून बसतात, गेल्या वर्षी तर कोणीतरी माझ्या कुशीवर आपले नाव कोरले. हे मला खपत नाही. ज्यांनी आयुष्यभर तुमचे ओझे वाहिले, मग ती गाडी असो वा माणूस, त्यांना पुसून, तेल घालून, मानाने ठेवावे. छत्र्या ठेवायला खुंट्या असतात. आणि एवढे ऐकून घ्या. तुम्ही जिथे राहता, शिकता, बरे होता, तिथे मागून येणारे कोण आहेत ते एकदा जाऊन बघा. ते मागून का येतात, हे शांतपणे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत रोज विचारा. विचारताना हात उगारू नका, लांबूनसुद्धा नाही. आणि हातातले काम टाकू नका.

आता उठा. समोरच्या दाराने जा, ताठ मानेने जा. आणि तुमच्या मागून कोणी ओझे घेऊन येत असेल, तर तो आत येईपर्यंत ते दार धरून उभे राहा.